निरीक्षणाची दुसरी बाजू : अवकाश मोहिमांतील डेटा आणि वैज्ञानिक संचालन

अवकाश मोहिमेच्या संचालनाचे दोन भाग असतात आणि सर्वसामान्य वाचकाच्या परिचयाचा असतो तो बहुधा पहिलाच. यानाची कक्षा राखणे, बॅटरी, तापमान व इंधन यांवर लक्ष ठेवणे आणि यानाला आज्ञा पाठवणे हे यान-संचालनाचे काम होय. यानावरील उपकरणे कोणत्या लक्ष्याकडे, केव्हा व किती वेळ रोखावीत हे ठरवणे, त्यांच्याकडून आलेल्या संकेतांचे विश्वासार्ह मोजमापांत रूपांतर करणे आणि ती मोजमापे दीर्घकाळ वापरता येतील अशा रीतीने जतन करणे, हे वैज्ञानिक संचालनाचे काम होय. युरोपीय अवकाश संस्थेने तर हे दोन भाग दोन देशांत ठेवले आहेत. तिची याने जर्मनीतील डार्मश्टाट येथून चालवली जातात, तर वैज्ञानिक संचालनाचे आणि अभिलेखागाराचे मुख्य केंद्र स्पेनमध्ये माद्रिदजवळ आहे. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली, परंतु तिचे वैज्ञानिक संचालन करणारी बाल्टिमोर येथील संस्था १९८१ मध्येच स्थापन झाली होती. दुर्बिणीचा आरसा, कॅमेरे आणि त्यांच्यामागची डेटाव्यवस्था ही एकाच यंत्राची अंगे आहेत, हे त्या निर्णयामागचे गृहीतक होते आणि ते आजही पुरेसे सर्वमान्य झाले आहे असे म्हणवत नाही. मोहिमेचे अंदाजपत्रक आवळण्याची वेळ आली की पहिली कात्री बहुधा याच अंगाला लागते.

या व्यवसायाचे स्वरूप समजण्यासाठी ॲस्ट्रोसॅट ही भारताची खगोलशास्त्रीय वेधशाळा सोयीची आहे, कारण तिच्या डेटाचा बराचसा प्रवास महाराष्ट्रातून होतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० या प्रक्षेपकाने सोडलेला हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी ६ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षेत फिरतो आणि त्याच्यावर अतिनील किरणांपासून उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांपर्यंत निरीक्षण करणारी पाच उपकरणे आहेत. यानाचे संचालन बंगळुरूहून होते; मात्र निरीक्षणांचे प्रस्ताव स्वीकारण्याची संगणकीय प्रणाली पुण्याच्या आयुका या संस्थेने घडवली, उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचे चित्रण करणाऱ्या 'सीझेडटीआय' या उपकरणाचे डेटाकेंद्रही तेथेच आहे, आणि क्ष-किरणांच्या अन्य दोन उपकरणांची केंद्रे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत.

निरीक्षणापूर्वीचे काम वरवर वेळापत्रक लावण्यासारखे दिसते. एखाद्या संशोधकाचा प्रस्ताव तज्ज्ञ समितीने मान्य केला, तरी ते लक्ष्य प्रत्यक्षात दिसेल का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. ते सूर्याच्या फार जवळ नसावे, उपग्रहाच्या दर फेरीत पृथ्वी त्याच्या आड किती काळ येते हे पाहावे लागते, आणि विशिष्ट उपकरणांचे तोंड उपग्रहाच्या गतीच्या दिशेला येऊ देऊन चालत नाही, कारण त्या उंचीवरील विरळ ऑक्सिजनचे अणू वेगाने आदळून आरशांची हानी करू शकतात. अतिनील दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात एखादा प्रखर तारा आला, तर तिचे संवेदक कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून प्रस्ताव देणाऱ्यालाच आसपासच्या सर्व प्रखर ताऱ्यांची तपासणी करून द्यावी लागते. पाचही उपकरणे एकाच उपग्रहावर बसवलेली असल्याने एका उपकरणाची अडचण ही सर्वांचीच अडचण ठरते आणि नियोजकाला रोज कोणाला तरी नकार द्यावा लागतो.

शनीभोवती १३ वर्षे फिरलेल्या कॅसिनी यानाच्या बाबतीत हा पेच अधिक तीव्र होता. त्याचे कॅमेरे व वर्णपटमापक यानाच्या अंगावर घट्ट बसवलेले होते आणि पृथ्वीशी बोलणारी अँटेनाही तशीच स्थिर होती, त्यामुळे एका उपकरणाला हवी ती दिशा मिळावी म्हणून सगळे यान वळवावे लागे आणि निरीक्षण सुरू असताना पृथ्वीकडे डेटा पाठवता येत नसे. टायटनसारख्या उपग्रहाजवळून जाताना मिळणाऱ्या थोड्या तासांतील कोणती मिनिटे कोणत्या गटाला मिळावीत, यावर त्या त्या विषयाच्या संशोधकांमध्ये फार आधीपासून वाटाघाटी चालत. अशा नियोजनाचे अंतिम रूप म्हणजे आज्ञांची एक लांबलचक यादी होय आणि त्या यादीतील एक ओळ गळाल्यास काय होते, याचे उदाहरणही याच मोहिमेने दिले. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स हे कुपीयान टायटनच्या वातावरणात उतरले तेव्हा त्याचा डेटा कॅसिनीकडे दोन स्वतंत्र वाहिन्यांवरून यायचा होता, परंतु त्यांपैकी एका वाहिनीचा ग्राहक सुरू करण्यासाठी लागणारी आज्ञा यादीत घालायची राहून गेली होती. त्यामुळे सुमारे ७०० छायाचित्रांपैकी निम्मी हरवली. वाऱ्यांचा वेग मोजण्याचा एक संपूर्ण प्रयोगही त्याच वाहिनीवर विसंबून होता. तो वाचला तो पृथ्वीवरील मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी ह्युजेन्सचा क्षीण संदेश थेट टिपल्यामुळे. यंत्रात काहीही बिघाड नसताना झालेले हे नुकसान वैज्ञानिक संचालनाच्या प्रशिक्षणात मोलाचे ठरावे असे आहे.

निरीक्षण पार पडल्यानंतर डेटाचा प्रवास सुरू होतो. ॲस्ट्रोसॅटचा डेटा बंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील अँटेनांकडे येतो, आणि तेथील भारतीय अवकाश विज्ञान डेटाकेंद्रात त्यावर पहिले संस्कार होतात. यानाकडून येतो तो आकड्यांचा सलग प्रवाह असतो. त्याचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडलेले असतात आणि त्या तुकड्यांत सर्व उपकरणांच्या नोंदी एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करणे, दोनदा आलेले भाग काढणे व गळालेल्या जागा नोंदवणे यातून जो डेटा हाती येतो त्याला शून्य पातळीचा डेटा म्हणतात. त्याला यानाची जागा, दिशा आणि वेळ यांची जोड देऊन ठरावीक स्वरूपाच्या फायली तयार केल्या की तो पहिल्या पातळीचा होतो. उपकरणाचे गुणदोष लक्षात घेऊन आकड्यांना ऊर्जा किंवा तेजस्विता असा भौतिक अर्थ दिला की तो दुसऱ्या पातळीचा, म्हणजे खगोलशास्त्रज्ञाला थेट वापरता येण्याजोगा बनतो. पातळ्यांमधली ही संगणकीय वाट 'पाइपलाइन' या नावाने ओळखली जाते आणि ती लिहिणे, चालवणे व सतत दुरुस्त करणे यात या क्षेत्रातील बहुतेकांचे दिवस जातात.

सीझेडटीआयच्या पाइपलाइनमधील दोन पायऱ्या जवळून पाहण्याजोग्या आहेत. या उपकरणात कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकाचे ६४ संवेदक असून प्रत्येकावर २५६ चित्रघटक आहेत. उपकरण छायाचित्र काढत नाही, तर येणाऱ्या प्रत्येक क्ष-किरण कणाची वेळ, त्याचे स्थान आणि ऊर्जा यांची स्वतंत्र नोंद करते. अडचण अशी की वैश्विक किरणांतील एखादा वेगवान कण उपग्रहाच्या सांगाड्यावर आदळला म्हणजे त्यातून दुय्यम कणांचा फवारा उडतो आणि सेकंदाच्या अत्यल्प अंशात अनेक संवेदकांवर एकदम नोंदी होतात. या गुच्छांचा आकाशातील लक्ष्याशी संबंध नसतो, म्हणून पाइपलाइनमधील एक टप्पा ते ओळखून बाजूला काढतो. दुसरा टप्पा काहीही कारण नसताना सारख्या नोंदी करत राहणारे बिघडलेले चित्रघटक हुडकतो. दोन्ही ठिकाणी कोणीतरी एक मर्यादा ठरवलेली असते: इतक्या वेळात इतक्यांहून अधिक नोंदी आल्या तर तो गुच्छ समजावा, इत्यादी. ही मर्यादा सैल ठेवली तर गोंगाट आत येतो आणि फार आवळली तर खरोखरीचा क्षणिक स्फोटही गोंगाट म्हणून फेकला जाऊ शकतो.

वेळेच्या नोंदीचेही असेच आहे. उपकरणातील घड्याळ प्रमाणवेळेशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी एखादे विश्वासार्ह बाह्य घड्याळ लागते आणि निसर्गाने तसे एक उपलब्ध करून दिले आहे. क्रॅब तेजोमेघातील स्पंदतारा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो आणि त्याचे रेडिओ व क्ष-किरण स्पंद जवळजवळ एकाच वेळी येतात. ॲस्ट्रोसॅटने या ताऱ्याकडे पाहत असताना नारायणगावजवळील जीएमआरटी आणि उटी येथील रेडिओ दुर्बीण यांनीही त्याकडे पाहिले आणि तिन्हींची तुलना केल्यावर सीझेडटीआयच्या वेळेत पाच मिलिसेकंदांच्या आसपासची एक स्थिर तफावत आढळली. ती माहीत असली तर वजा करता येते. माहीत नसेल तर संशोधक त्या पाच मिलिसेकंदांतून स्पंदताऱ्याच्या चुंबकावरणाविषयी एखादा सुंदर पण निराधार सिद्धांत मांडू शकेल.

डेटा स्वच्छ करणे आणि डेटा गमावणे यांतील अंतर किती थोडे असते, हे ओझोनच्या इतिहासाने दाखवले. १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावरील उपकरण पृथ्वीवरील ओझोनच्या थराचे मापन करत होते आणि त्याच्या प्रक्रियेत १८० डॉब्सन एककांहून कमी आलेल्या नोंदींवर संशयास्पद अशी खूण केली जाई, कारण तोपर्यंत इतका कमी ओझोन कोणी पाहिलेला नव्हता. मे १९८५ मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शॅंकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकातील हॅली बे येथील जमिनीवरील जुन्या पद्धतीच्या उपकरणाच्या आधारे वसंत ऋतूतील ओझोनची मोठी घट जाहीर केली. उपग्रहाने ती घट टाकून दिली होती, अशी एक लोकप्रिय कथा आहे, परंतु ती तितकीशी बरोबर नाही. नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्यावर केवळ खूण होती आणि उपग्रहाच्या गटाचेही तिकडे लक्ष गेले होते. म्हणूनच पुढे त्याच डेटावरून घट अंटार्क्टिकाच्या केवढ्या प्रदेशावर पसरली आहे हे दाखवता आले. संशयास्पद नोंद पुसणे आणि तिच्यावर खूण करून ती ठेवणे, या दोन कृतींमधला फरक येथे निर्णायक ठरला. या व्यवसायातील जाणकार मूळ डेटा कधीही न पुसण्याचा आग्रह धरतात, त्याला अशा अनुभवांचा आधार आहे.

सीझेडटीआयलाही या सवयीचा फायदा झाला. ४ जानेवारी २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींची एक घटना नोंदली गेली आणि त्यानंतर सुमारे एका दिवसाने आकाशाच्या त्याच भागात ॲटलस या सर्वेक्षणाला एक मावळत जाणारा प्रकाशबिंदू दिसला, तेव्हा दोहोंचा संबंध असावा अशी शक्यता निर्माण झाली. सीझेडटीआयचे आवरण सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर किरणांना पारदर्शक होऊ लागते, त्यामुळे ते आपल्या लक्ष्याबाहेरील स्फोटही टिपते. भारतीय संशोधकांनी त्या काळातील नोंदी चाळल्या असता ५ जानेवारीला झालेला एक गॅमा-किरण स्फोट हाती लागला आणि तो प्रकाशबिंदू या वेगळ्याच स्फोटाचा मागे राहिलेला उजेड असल्याचे स्पष्ट झाले. दुर्बीण दुसरीकडेच रोखलेली असताना आलेल्या 'निरुपयोगी' नोंदी ठेवल्या होत्या, म्हणूनच हे जमले.

नोंदी ठेवल्या तरी त्या पुढे वाचता आल्या पाहिजेत, आणि या बाबतीत खगोलशास्त्रज्ञांनी इतर शास्त्रांच्या मानाने लवकर शहाणपण दाखवले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस घडलेले आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले 'फिट्स' हे फाइलस्वरूप आजही जगभर चालते. फिट्स फाइलच्या आरंभी साध्या अक्षरांत लिहिलेला एक मथळा असतो; त्याची प्रत्येक ओळ नेमकी ८० अक्षरांची असते, कारण त्या काळच्या छिद्रित कार्डावर ८० स्तंभ असत. अशा ३६ ओळी मिळून २८८० बाइटांचा एक ठोकळा होतो, आणि ही संख्या अशासाठी निवडली की तेव्हा बाजारात असलेल्या सर्व संगणकांच्या शब्दलांबीने तिला निःशेष भाग जावा. दुर्बीण कोणती, लक्ष्य कोणते, निरीक्षण केव्हा सुरू झाले व आकड्यांचे एकक काय, हे सर्व त्या मथळ्यात असते आणि चित्र उघडणारे सॉफ्टवेअर नसले तरी कोणालाही ते डोळ्यांनी वाचता येते. एकदा वैध ठरलेली फिट्स फाइल पुढे कधीही अवैध ठरवायची नाही, हा नियम या समाजाने कसोशीने पाळला. एककाच्या त्या एका नोंदीला महत्त्व का द्यावे, हे मार्स क्लायमेट ऑर्बिटरच्या उदाहरणावरून कळते. पौंड-सेकंदांत लिहिलेले आकडे न्यूटन-सेकंद समजून वापरल्याने ते यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले.

जतन केलेल्या डेटाचे मोल बहुधा मूळ संशोधकांच्या कल्पनेपलीकडचे असते. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेले भूकंपमापक १९७७ मध्ये बंद करण्यात आले. त्यांच्या नोंदी टिकवल्या गेल्यामुळे २०११ मध्ये आधुनिक गणिती पद्धतींनी त्यांचे पुनर्विश्लेषण होऊन चंद्राच्या गाभ्याविषयी नवे पुरावे मिळाले. त्याच अपोलो कार्यक्रमातील, चंद्रावरील पहिल्या पावलांच्या मूळ दूरचित्र संकेतांच्या चुंबकीय फिती मात्र टेपचा तुटवडा असल्याने पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाच्या चौकशीने २००९ मध्ये काढला.

अभिलेखागार खुले असले म्हणजे त्याचा वापर कोण करील हे सांगता येत नाही. ठरावीक मुदतीपर्यंत, बहुधा एक वर्ष, डेटा प्रस्ताव देणाऱ्या संशोधकाकडे राखीव राहतो आणि नंतर सर्वांना मिळतो. ॲस्ट्रोसॅटचा डेटा सप्टेंबर २०१८ पासून असा खुला होऊ लागला. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर कोसळल्यानंतर नासाच्या चांद्र परिभ्रमक यानाची त्या भागाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि चेन्नईतील षण्मुग सुब्रमणियन या अभियंत्याने जुन्या-नव्या छायाचित्रांची तुलना करून लँडरचा पहिला अवशेष शोधला. नासाने २ डिसेंबरला त्याला दुजोरा दिला. तो व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ नव्हता. जुनी आणि नवी छायाचित्रे एकमेकांवर बसवता येतील इतक्या अचूक स्थाननिर्देशासह कोणीतरी आधीच सिद्ध करून ठेवली होती, हे काम बातमीत आले नाही.

या क्षेत्रात येणारी माणसे साधारणतः दोन वाटांनी येतात. काहीजण खगोलशास्त्रात किंवा ग्रहविज्ञानात पीएच.डी. करून, स्वतःच्या शोधनिबंधांपेक्षा उपकरणाच्या स्वभावात अधिक रस वाटू लागल्याने इकडे वळतात, तर काहीजण संगणकशास्त्रातून येतात आणि भौतिकशास्त्र काम करता करता शिकतात. दोन्ही प्रकारचे लोक एकत्र असल्याशिवाय काम चालत नाही. पुण्यातच या शतकाच्या आरंभी आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून आभासी वेधशाळेचा प्रकल्प राबवला आणि वेगवेगळ्या दुर्बिणींचा डेटा एकत्र पाहण्याची साधने तयार केली. आदित्य-एल१ या सौर मोहिमेवरील अतिनील दुर्बीण आयुकाने घडवल्यामुळे त्या शहरात असे काम करणाऱ्यांची दुसरी फळी तयार होत आहे. मात्र विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत सिद्धांत आणि निरीक्षण यांना जे स्थान आहे, ते डेटाच्या जतनाला क्वचितच मिळते, आणि बढतीच्या वेळी शोधनिबंधांची संख्या मोजली जात असल्याने पाइपलाइन लिहिण्यात पाच वर्षे घालवणारा माणूस मागे पडतो. डेटासंचांना स्वतंत्र कायमस्वरूपी क्रमांक देऊन त्यांचा संदर्भ निबंधांप्रमाणेच दिला जावा, ही अलीकडची प्रथा या अन्यायावरचा अर्धाच उपाय आहे.

मोहिमेच्या गटाला जे स्वयंस्पष्ट वाटते तेच बहुधा लिहायचे राहून जाते. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या जीवशास्त्रीय प्रयोगांचा डेटा दोन दशकांनंतर जोसेफ मिलर या संशोधकाने मागितला, तेव्हा फिती उपलब्ध असूनही त्यांवरील स्वरूप कोणालाच उलगडेना आणि शेवटी मूळ गटातील शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या कागदी छापील प्रतींवरून काम भागवावे लागले. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका समितीने ग्रहमोहिमांच्या डेटाच्या दुरवस्थेविषयी अहवाल दिला आणि त्यातून पुढे ग्रहीय डेटाप्रणाली उभी राहिली. इस्रोनेही चांद्रयान-२ चा डेटा या प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीच्या मानकानुसार सिद्ध केला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचा पहिला भाग सर्वांना खुला केला. या प्रणालीत कोणताही डेटासंच दाखल होण्यापूर्वी मोहिमेबाहेरच्या तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी जातो. त्यांनी फायली उघडाव्यात, सोबतची कागदपत्रे वाचावीत आणि केवळ त्यांच्या आधारे एखादे प्रत्यक्ष विश्लेषण करून पाहावे, अशी अपेक्षा असते. एखाद्या स्तंभाचे एकक सांगितलेले नाही, अक्षांश कोणत्या पद्धतीने मोजला याचा उल्लेख नाही, अंशांकनाची फाइल जोडायची राहिली आहे, अशा त्रुटींची यादी मोहिमेच्या गटाकडे परत जाते. ती यादी निकालात निघेपर्यंत, यान केव्हाच नष्ट झालेले असले तरी, तो डेटासंच प्रमाणित समजला जात नाही.